दोन वाजेपर्यंत

इराने मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "आजी, बाबा खरंच शाळेत जात नव्हता?" तिच्या आवाजात हेवा होता. ओम मागून ओरडला, "सो लकी!" मी हसले आणि विषय बदलला. इरा, ओम, ते वर्ष मी आजवर कुणालाही नीट सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना ठाऊक होतं, पण ते आता नाहीत, आणि तुमच्या बाबाला त्यातलं किती आठवतं हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. म्हणून लिहून ठेवते. त्या वर्षी तुमचा बाबा, म्हणजे सलील, नऊ वर्षांचा होता, मिहिरकाका सहाचा आणि मी तेहतीसची. त्या घरात आम्ही तिघंही लहानाचे मोठे झालो असं मी म्हणते, त्यात अतिशयोक्ती नाही.

सकाळी आठ ते दुपारी दोन या वेळात घरात कुजबुजून बोलायचं, असा नियम होता. नियम मी केला होता. खुर्ची ओढायची नाही, उचलून ठेवायची. बाल्कनीत जायचं नाही. बेल वाजली की मुलांनी आतल्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामधल्या फटीत जाऊन बसायचं आणि मी "चला" म्हणेपर्यंत बाहेर यायचं नाही. मला टापटिपीची जन्मजात सवय, त्यामुळे नियमही मी नीट आखून, पट्टीने रेघा मारून लिहिले होते आणि कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले होते. दोन वाजले की मी म्हणायची, "शाळा सुटली." मग मिहिर एकदम मोठ्याने काहीतरी ओरडायचा, कधी नुसतंच "आऽऽ" करायचा. सलील ओरडत नसे. त्याला दोननंतरही कुजबुजूनच बोलायची सवय लागली होती, आणि ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही गाझियाबादच्या त्या आठ मजली इमारतीत राहायला आलो तेव्हा निम्मे फ्लॅट रिकामे होते. आमचा पाचवा मजला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एका बाजूला गव्हाची शेतं दिसत आणि दुसऱ्या बाजूला सळ्या बाहेर आलेले अर्धवट खांब. दिवसभर काँक्रीट कालवण्याच्या यंत्राची घरघर. कचऱ्याच्या ढिगावर रोज नव्या रंगीत टीव्हीची नाहीतर वॉशिंग मशीनची रिकामी खोकी पडलेली. सगळ्यांच्या घरी काहीतरी नवीन येत होतं. पाणी आणि वीज या दोनच गोष्टी येत नव्हत्या. बोअरची मोटर बिघडली की टँकर यायचा, आणि जनरेटर बसवण्याचं आश्वासन बिल्डर दर महिन्याला द्यायचा. आजोबा साडेसातच्या चार्टर्ड बसने दिल्लीतल्या मंत्रालयात जात आणि संध्याकाळी सातला परत येत. मधल्या वेळात त्या ओळखीपाळखी नसलेल्या वस्तीत मी आणि दोन मुलं. पेपरात मुलं पळवल्याच्या बातम्या असत. मी त्या वाचू नये म्हणून आजोबा पेपर बरोबर घेऊन जात, आणि न वाचल्यामुळे मला जास्तच भीती वाटे.

सलीलला शाळेतून काढलं, त्याचं कारण थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल लिहिताना आजही माझा हात जड होतो. तो बोलताना अडखळायचा. वर्गात एक वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याला बाकावर उभं ठेवत, आणि वाक्य काही पूर्ण होत नसे. रोज सकाळी बसची वेळ झाली की तो मोरीत जाऊन ओकायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. मग एक दिवस त्याने गोष्टीची पुस्तकंही उघडायचं सोडलं. त्याआधी हा मुलगा इतके प्रश्न विचारायचा की आमटीला फोडणी द्यायला मला फुरसत मिळत नसे. मोहरी का तडतडते, जिरं का नाही तडतडत. ते सगळं बंद झालं. मी एम.ए. झालेली होते, इंग्रजी विषय घेऊन. म्हटलं, मी शिकवीन घरी. "दादा नाही तर मी पण नाही," असं म्हणून मिहिरनेही दप्तर फेकलं.

आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "एक वर्ष. मार्चनंतर शाळा. आणि कुणाला कळता कामा नये, बिल्कुल नाही." त्यांच्या ऑफिसातले दोघं त्याच सोसायटीत राहायला येणार होते, आणि नाशिकला त्यांचे वडील, अण्णा, निवृत्त मुख्याध्यापक. अण्णांच्या पत्रात दर वेळी शेवटी असे, "नातवांचे प्रगतिपुस्तक पाठवावे." मुलांना घरी ठेवलेलं कायद्याला चालतं का, हे मला माहीत नव्हतं. विचारायचीही भीती, कारण विचारलं की कळलंच. म्हणून कुजबुज, म्हणून पलंगामागची फट. समोरच्या फ्लॅटमधल्या चड्ढाभाभींनी विचारलंच होतं, "भाभीजी, बच्चों को स्कूल कौन छोड़ता है?" मी म्हटलं, "साहब, ऑफिस जाते हुए." इतकं सरळ तोंडाने खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते. महिन्यातल्या एखाद्या रविवारी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आम्ही साबुदाणावडा खायला जायचो, तर तिथे भेटणारा प्रत्येक मराठी माणूस मुलांना पहिला प्रश्न शाळेचाच विचारी. एकदा एका काकूंनी मिहिरला विचारलं, "तुमच्या बाई कशा आहेत रे?" त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "रागीट आहेत. पण वडे चांगले करतात." काकू हसल्या. त्यांना वाटलं, मुलाचा घोटाळा झाला.

रागीट मी होतेच. मुलाने शिकण्यावर प्रेम करावं म्हणून मी काय केलं असेल, तर ज्या शाळेने त्याला घाबरवलं तीच शाळा जेवणाच्या टेबलावर मांडली. आलेख-कागदावर वेळापत्रक. चाळीस मिनिटांचे तास. घंटा वाजवता येत नव्हती, म्हणून तास संपला की मी पट्टीने टेबलावर दोनदा हलकेच टकटक करी. हजेरी घेई; दोन मुलांची हजेरी! "प्रेझेंट, मॅम," ते कुजबुजत. लाल शाईने वह्या तपासी. एका वहीत मी रकाने आखले होते: वाचन, शुद्धलेखन, गणित, आणि शेवटचा रकाना, 'स्वतःहून विचारलेले प्रश्न'. कुठल्याशा पुस्तकात मी वाचलं होतं की मूल शिकतंय की नाही हे त्याच्या प्रश्नांवरून कळतं. मिहिरच्या रकान्यात दिवसाला आठ-दहा खुणा असत. त्यातल्या निम्म्या "पाणी पिऊ का"च्या, पण मी त्याही धरत असे. सलीलचा रकाना सात महिने कोरा होता. तो सगळं बरोबर लिहायचा, अक्षर मोत्यासारखं, आणि लिहून झालं की वही माझ्याकडे सरकवून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचा. मी त्याच्यावर कधी हात उगारला नाही, हे सांगते. तरी मी वही उघडली की त्याचे खांदे वर जात.

त्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला टँकर आला. खाली भांड्यांचा आवाज सुरू झाला. दूध तापत ठेवलेलं होतं. मुलांना शुद्धलेखनाचा उतारा दिला, दोन बादल्या उचलल्या आणि बाहेर पडून दाराला बाहेरून कुलूप लावलं. हेही नियमातलंच होतं. मी खाली गेले की बाहेरून कुलूप, म्हणजे घरात कुणी नाही असं दिसावं. पाच मिनिटांचं काम. दूध मंद आचेवर होतं आणि मी ते उतू जायच्या आत परत येणार होते. माझं सगळं वेळेत होत असे, याचा मला गर्व होता.

भरलेल्या बादल्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरले, जाळीचं दार ओढलं, आणि तिसरा मजला ओलांडल्यावर दिवे गेले. लिफ्ट गचका देऊन थांबली. चौथ्या मजल्याची जमीन माझ्या छातीच्या उंचीवर होती; वर हातभर उजेडाची पट्टी, खाली भिंत. बादलीतलं पाणी पायांवर सांडलं. मी ओरडले नाही. हे मी नीट लिहिलं पाहिजे. दिवे पाच-दहा मिनिटांत येतातच, असा मी हिशोब केला. ओरडलं तर लोक जमतील, किल्ली मागतील, दार उघडतील. म्हणून मी उभी राहिले, आणि दर थोड्या वेळाने लिफ्ट आणखी खाली गेल्यासारखी वाटून जाळी घट्ट धरत राहिले. ती गेली नव्हती. पण दोर तुटणार आणि आपण खाली आदळणार, आणि वर कुलपाच्या आत मुलं तशीच बसून राहणार, एवढंच डोक्यात फिरत होतं. कुलपाची किल्ली माझ्या मुठीत होती.

किती वेळ गेला माहीत नाही. मग वरून चड्ढाभाभींचा आवाज आला. "चौकीदार! ओ चौकीदार! गैस की बदबू आ रही है!" खालून चौकीदार काहीतरी ओरडला. "अरे, इनके घर से! इधर तो ताला है, कोई है नहीं अंदर." मग दार ठोठावल्याचा आवाज. पाचव्या मजल्यावर आमच्या दारावर त्यांच्या बांगड्या वाजत होत्या. "कोई है? कोई है अंदर?"

दूध उतू जाऊन शेगडी विझली होती. मला ते दिसल्यासारखं कळलं. आणि माझ्या घरातून कसलाही आवाज आला नाही. माझी मुलं आत होती, जागी होती, भाभींचं ठोठावणं ऐकत होती, आणि मी शिकवल्याप्रमाणे बेल वाजल्यावर करायचं तेच करत होती. भाभी म्हणाल्या, "कोई नहीं है. नीचे मेमसाब को ढूँढो." त्यांची पावलं दारापासून दूर गेली. तेव्हाही मी एक क्षण गप्प होते. एकच क्षण, पण होते.

मग मी ओरडले. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. "भाभी! बच्चे अंदर हैं! मेरे दोनों बच्चे अंदर हैं!"

चड्ढाभाभी जाड होत्या, गुडघे दुखायचे त्यांचे, पण जिन्यावरून अशा खाली आल्या की मला फक्त चपलांचा आवाज ऐकू आला. चौथ्या मजल्यावर त्या पालथ्या झोपल्या आणि फटीतून हात आत घातला. मी किल्ली त्यांच्या हातात दिली. "ताला लगा के गई थी?" एवढंच म्हणाल्या त्या. उत्तराची वाट न बघता उठल्या. "बत्ती मत जलाना!" मी खालून सांगितलं. दिवे नव्हतेच, पण डोकं तसं चालत होतं. कुलूप उघडल्याचा आवाज आला. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग खिडक्या धाडधाड उघडल्याचा आवाज, आणि मग भाभींचा रडका आवाज, "मिल गए! ठीक हैं, भाभीजी, दोनों ठीक हैं!" मी बादल्यांच्या मधे खाली बसले, पाण्यात.

मुलं कुठे सापडली ते भाभींनी मला नंतर सांगितलं. पलंगामागे नाही. सलीलला वास आला होता. त्याने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, मिहिरला घेऊन बाल्कनीत गेला आणि बाल्कनीचं दारही बाहेरून ओढून घेतलं. नऊ वर्षांच्या मुलाने याहून शहाणं काय करायचं? पण खाली टँकरभोवती चाळीस माणसं उभी असताना त्याने हाक मारली नाही. बाल्कनीत दिसायचं नाही हा नियम होता, म्हणून ती दोघं कठड्याच्या आडोशाला जमिनीवर बसली होती, आणि सलीलचा हात मिहिरच्या तोंडावर होता.

लिफ्टचे मेकॅनिक मिश्राजी नशिबाने शेजारच्या इमारतीत आलेले होते. ते गच्चीवरच्या खोलीत गेले आणि त्यांनी हाताने चाक फिरवून लिफ्ट वर घेतली. मी पाचव्या मजल्यावर बाहेर पडले तेव्हा दारात दोघं उभी होती. मिहिर येऊन पायाला बिलगला. सलील तिथेच उभा राहिला. मी म्हटलं, "राजा, ओरडला का नाहीस रे? भाभी दार वाजवत होत्या ना?"

तो माझ्या कानाशी आला आणि कुजबुजत म्हणाला, "आई, दोन वा-वाजले नव्हते."

इरा, ओम, माणसाला आपली चूक कळते म्हणतात, ती बहुतेक वेळा हळूहळू कळते. मला ती त्या एका वाक्यात कळली. मी त्याला जवळ घेतलं तर त्याचे खांदे तसेच वर गेले, वही उघडल्यावर जायचे तसे. टेबलावरच्या वह्या आणि वेळापत्रक बघून चड्ढाभाभींना सगळं कळलं होतं. त्या ओट्यावरचं दूध पुसत होत्या आणि बडबडत होत्या. "स्कूल नहीं जाते तो नहीं जाते, छुपाने की क्या बात थी? हम क्या थानेदार हैं? मैं तो सोचती थी इस घर में भूत है. दो बजे तक सुई गिरने की आवाज़ नहीं, और दो बजते ही कोई चीख मारता है!" मिहिर म्हणाला, "वो मैं हूँ." त्या सगळ्या प्रसंगात भाभी तेव्हा पहिल्यांदा हसल्या. मग पदराने डोळे पुसून मला म्हणाल्या, "चाय बनाती हूँ, अपने घर. तुम्हारी गैस को तो मैं हाथ नहीं लगाऊँगी."

संध्याकाळी आजोबांना सगळं सांगितलं. ते बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. शेवटी म्हणाले, "अण्णांना पत्र लिहायला हवं." पत्र मीच लिहिलं, दुसऱ्याच आठवड्यात, एकही गोष्ट न लपवता. त्यानंतर अण्णा सहा महिने माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. ऑफिसातल्या लोकांनी आजोबांना काय काय ऐकवलं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. म्हणजे ज्याची भीती होती ते सगळं झालं. तुमचा बाबा मात्र मार्चनंतरही आणखी एक वर्ष घरीच शिकला.

पण त्याआधीची एक गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेळापत्रकापुढे उभी होते आणि कुठला तास घ्यावा ते मला सुचत नव्हतं. सलील मागे येऊन उभा राहिला आणि कुजबुजला, "आई, लाइट न-नव्हती. मग लिफ्ट वर कशी आली?"

सात महिन्यांतला पहिला प्रश्न. माझ्या तोंडावर आलं होतं, "विज्ञान गुरुवारी." खरंच आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "मला माहीत नाही. मिश्राजी आज दुरुस्तीला येणार आहेत. जाऊन विचारू या?"

अकरा वाजता, भर उजेडात, दोन्ही मुलांना घेऊन मी जिना चढले. वाटेत सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून बघितलं, आणि माझे पाय तिथल्या तिथे वळायला निघाले होते. गच्चीवरच्या खोलीत ग्रीसचा वास होता. मोठं चाक, त्यावरून गेलेले दोर, आणि ते दोर जिथून खाली उतरत तिथे जमिनीत भोकं; त्यातून आठ मजले खोल काळोख दिसत होता. मी मिहिरचा सदरा मागून घट्ट धरला. सलीलने माझी ओढणी ओढली. "तू विचार ना." मी म्हटलं, "प्रश्न तुझा आहे." हे बोलताना मला कसली भीती वाटत होती ते सांगून कळणार नाही. तो अडखळेल, मिश्राजी हसतील, आणि हा मुलगा पुन्हा सात महिने, नाहीतर कायमचा, गप्प होईल.

"भ-भैया," तो म्हणाला. मग पुढचा शब्द येईना. मान ताठ झाली, डोळे मिटले. माझ्या जिभेवर अख्खं वाक्य तयार होतं. मी जीभ दातांत धरली. मिश्राजी हातातल्या चिंध्यांना बोटं पुसत उभे राहिले. एक एक बोट पुसून झालं, तरी ते वाट बघत होते. त्यांना दुसऱ्याचं वाक्य पुरं करायची सवय नव्हती.

"ब-बिजली नहीं थी. तो ल-लिफ्ट ऊपर कैसे आई?"

"अच्छा सवाल है," मिश्राजी म्हणाले आणि त्याला भोकाजवळ बसवून खाली बोट दाखवलं. "वो देखो, पीछे लोहा लटका है. एक तरफ़ लोहा, एक तरफ़ लिफ्ट. तराज़ू समझ लो. मम्मी अकेली थीं, तो लोहा भारी, मम्मी हल्की. ब्रेक छोड़ो, तो गाड़ी अपने आप ऊपर ही जाएगी."

मी म्हटलं, "मतलब नीचे नहीं गिरती?"

"आप अकेली? कभी नहीं."

त्या अंधारात मी फक्त पडण्याचाच विचार केला होता. सलीलचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. तो गुडघ्यांवर बसून भोकातून खाली बघत होता, आणि त्याचे खांदे खाली होते, साध्या मुलासारखे.

"और द-दस लोग हों तो?"

"तो नीचे."

तो पुन्हा भोकातून खाली बघू लागला. मला वाटलं, संपलं. मग त्याने मान वर केली. "तो क-कितने लोग हों कि न ऊपर जाए, न न-नीचे?"

मिश्राजींनी डोकं खाजवलं, बोटांवर काहीतरी मोजलं. "यही कोई... साढ़े चार आदमी."

"साढ़े चार!" सलील ओरडला. ओरडलाच. "आधा आ-आदमी कहाँ से लाएँगे?" आणि तो हसायला लागला, मिहिरही हसायला लागला, "मैं हूँ ना आधा, मैं!" आणि ते हसणं त्या भोकांतून खाली उतरून आठही मजल्यांवर घुमत गेलं. माझा हात सवयीने त्याच्या तोंडाकडे गेला. अर्ध्यावर थांबला. खाली कुठेतरी लिफ्टचं जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला, आणि त्या खोल काळोखातून चड्ढाभाभींचा आवाज वर आला, "कौन है ऊपर? ये कौन बोल रहा है?"

मी भोकाजवळ वाकले आणि खाली ओरडून सांगितलं, "मेरा बड़ा वाला है, भाभी. सवाल पूछ रहा है."